घर रस्त्याच्या वर की खाली?

सध्या मी पुण्यात आहे. नारायण पेठेतल्या आजोळच्या वाड्याच्या कागदांवर सही करायला आले आणि सही सोडून बाकी सगळं चाललंय. बिल्डरचा माणूस येतो म्हणतो, येत नाही. एक भाडेकरू जागा सोडतो म्हणतो, सोडत नाही. त्यामुळे दुपारी सगळे सोप्यात बसतात आणि आमच्या तिकडच्या, न्यूयॉर्कच्या गोष्टी निघतात. परवा मामाने विचारलं, "तुम्ही घर घेताय म्हणे?"

घेत नाही. बघतो मात्र जवळजवळ दर रविवारी.

न्यूयॉर्कमध्ये विकायला काढलेलं घर रविवारी तास-दीड तास उघडं ठेवतात. त्याला ओपन हाउस म्हणतात. कुणीही जावं, वहीत नाव लिहावं, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात आणि लोकांची कपाटं उघडून बघावीत. आम्ही ब्रुकलिनमध्ये भाड्याने राहतो आणि ज्या गल्ल्यांमधली घरं बघतो ती आम्हाला सात जन्मांत परवडणार नाहीत. नवरा म्हणतो, हे म्हणजे अनोळखी लग्नात जेवून येण्यासारखं आहे. असेल. मला दोन्हीत फारसं गैर वाटत नाही.

तर मागच्या महिन्यात ब्रुकलिन हाइट्समध्ये एक 'गार्डन डुप्लेक्स' बघितलं. नदीच्या पलीकडे मॅनहॅटन, अलीकडे उंच कडा आणि कड्यावर ही वस्ती. १८१४ साली वाफेवर चालणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हा मॅनहॅटनमध्ये धंदा करून संध्याकाळी ब्रुकलिनला परतणं सोयीचं झालं आणि शेतांचे प्लॉट पडले. आपल्या पेठांना वारांची नावं, तर तिथल्या काही गल्ल्यांना फळांची: पायनॅपल, क्रॅनबेरी, ऑरेंज. मामाला हे फार आवडलं. "अननस पेठ," तो म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

फोनमधले फोटो मामेभावाने टीव्हीवर लावले आणि अख्खं घर बघायला बसलं. माईही. माई म्हणजे माझी आजी, आता शहाऐंशीची. ऐकू कमी येतं, दिसतं सगळं.

पहिला फोटो दर्शनी भागाचा. चॉकलेटी दगड, दहा-बारा पायऱ्यांचा उंच जिना, वर दुपाखी दरवाजा. या जिन्याला तिकडे 'स्टूप' म्हणतात, शब्द मूळचा डच. "दगडी बांधकाम आहे की!" मामा खूश झाला. त्याला सांगावं लागलं की बांधकाम विटांचं आहे, दगड फक्त पुढून लावलाय, चार ते सहा इंच जाडीचा. हा ब्राउनस्टोन बराचसा कनेक्टिकटमधल्या पोर्टलंडच्या खाणींतून यायचा. वाळूचा दगड, मऊ, नक्षी कोरायला सोपा. पण दगडाचे थर आडवे न ठेवता उभे करून लावले, त्यामुळे पाणी मुरून गोठलं की पापुद्रे सुटतात. मग लोक रंगीत सिमेंटचा गिलावा करून दगडाचा आव आणतात. आमच्या काळ्या पाषाणाच्या जोत्याकडे बघत मामा म्हणाला, "म्हणजे पावडर लावलेली."

पण या पावडरीला हात लावायची सोय नाही. १९६५ मध्ये न्यूयॉर्कने जुन्या वास्तू जपण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स हा शहरातला पहिला ऐतिहासिक विभाग ठरला. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची तरी लँडमार्क्स आयोगाची परवानगी लागते. आतलं मात्र बहुतेक घरांत मालकाच्या मर्जीवर. या घरात तेच झालंय. संगमरवरी शेकोटीची चौकट आणि छताचं प्लास्टरचं फूल तेवढं ठेवून बाकी सगळं उकरून नवं केलंय. मामा बराच वेळ गप्प होता. आमच्याकडे उलट परिस्थिती आहे. आत सगळं जुनं, खण, तुळया, कोनाडे जागच्या जागी. आणि बाहेरून झेरॉक्सच्या दुकानाचा पिवळा बोर्ड.

मग हिशेबाचे प्रश्न आले, ते पटकन उरकते. कार्पेट की बिल्टअप? तिकडे तसा नेम नाही, जाहिरातीतल्या आकड्यात बऱ्याचदा भिंतींची जाडीही धरलेली असते. किंमत? एकोणीस लाख डॉलर. मामाने गुणाकार केला आणि सोळा कोटींच्या पुढे गेल्यावर थांबला. नावावर काय होणार? घर नाही, शेअर. ही को-ऑप इमारत आहे, म्हणजे मालकी कंपनीची, तुम्ही तिचे शेअर घ्यायचे आणि तुमच्या मजल्यांचा भाडेपट्टा मिळवायचा. त्याआधी बोर्ड तुमचे बँकेचे कागद चाळणार, मुलाखत घेणार आणि वाटलं तर कारण न सांगता नाही म्हणणार. "सोसायटीचा सेक्रेटरी माझी मुलाखत घेणार?" मामा. "त्याला आधी पार्किंगच्या रेषा सरळ मारता येतात का बघ."

खरी चौकशी माईने केली.

"हा जिना चढून कुठे जायचं?" दिवाणखान्यात, म्हटलं. त्याला पार्लर फ्लोअर म्हणतात, छत बारा फुटांचं. तिथेच आता स्वयंपाकघर काढलंय. "मग निजायचं कुठे?" खाली, गार्डन फ्लोअरवर. जिन्याखालून एक छोटं दार आहे ना, तिथून चार पायऱ्या उतरून. दोन बेडरूम आणि मागे बाग. पूर्वी स्वयंपाकघर खाली असायचं, नोकरमाणसांचा वावर तिथे, आणि पाहुणे वर. आता बरोब्बर उलटं केलंय.

बागेचा फोटो आला. निळसर फरश्या, एक जपानी मेपल, कोपऱ्यात बाक. "परसदार," माई म्हणाली, "आड कुठंय?" आड नाही, पण ही घरं बांधली तेव्हा संडास परसातच टोकाला असायचा, हे सांगितल्यावर तिला अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटलेली दिसली.

मग ती म्हणाली, "मगाचा फोटो लाव गं. पुढचा." लावला. "ही निजायची खोली रस्त्याच्या वर की खाली?"

खाली. तीनेक फूट. मी कागदावर 'गार्डन लेव्हल' वाचलं होतं, बागेच्या पातळीला आहे म्हणून खूश झाले होते आणि बाग स्वतः कुठल्या पातळीला आहे हा विचार केला नव्हता. त्या दिवशी ओपन हाउसला पंधरा-वीस माणसं होती. फ्रिज कुठल्या कंपनीचा, शाळा कुठली, शेकोटी पेटते का, सगळं विचारून झालं. हे कुणी विचारलं नाही.

माई विचारणारच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती, लग्न होऊन याच वाड्यात आलेली. पाणी माडीच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढलं होतं, असं ती पायरीवर बोट ठेवून सांगते. हा वाडा उभा राहिला तो सागवानी सांगाडा आणि दगडी जोतं यांच्या जोरावर. शेजारचा, मातीच्या भिंतींचा, पाणी ओसरल्यावर बसला. तेव्हापासून कुणाचंही घर बघायला गेली की ती आधी जोतं बघते, मग देव्हारा.

"अगं, ते टेकाडावर आहे," मी म्हटलं. "नदीचं पाणी तिथे येत नाही."

पण बोलता बोलताच आठवलं की पाण्याला नदी लागत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला, सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर. न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागात पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी एकाच नळातून जातं. नळ भरला की ते उलटं घरात येतं. त्या रात्री शहरात जे लोक दगावले त्यांतले बहुतेक तळघरातल्या खोल्यांमध्ये होते, मुख्यतः क्वीन्समध्ये. मार्च २०२४ पासून घर विकताना पुराचा इतिहास लिहून द्यावा लागतो, पण ते स्वतंत्र घरांना. को-ऑपला नाही.

रात्री झोप येईना म्हणून एजंटबाईंना मेल टाकला: खालच्या मजल्यावर कधी पाणी आलंय का? घ्यायचं नाही ते घर, तरी विचारलं. सकाळी उत्तर आलं, फार गोड. सध्याच्या मालकांना कसलाही त्रास झालेला नाही, आणि शिवाय नूतनीकरणात तळघरात अगदी नवा, बॅटरीवरही चालणारा पंप बसवलाय.

माई तुळशीला पाणी घालत होती. तिला जोरात वाचून दाखवलं. पंप म्हणजे काय ते सांगितलं, की खड्ड्यात पाणी साठलं की तो आपोआप सुरू होतो आणि बाहेर फेकतो.

"नवा बसवलाय?" तिने विचारलं.

"हो. अगदी नवा."

"म्हणजे पाणी येतं," माई म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.