उऱ्होबोचे टोन टिपताना : फॉर्ममध्ये नसलेला तिसरा पर्याय

भाषेचे ध्वनी नोंदवायच्या फॉर्ममध्ये प्रत्येक अक्षरापुढे टोनचे, म्हणजे ते किती उंच सुरात उच्चारलं त्याचे, दोनच पर्याय होते, उच्च आणि नीच. नियम म्हणून हे चुकीचं नाही. नायजेरियाच्या डेल्टा राज्यातल्या उऱ्होबो भाषेत मूळ टोन दोनच. पण शब्द जोडून बोलले की तिसरी पातळी ऐकू येते, आणि माझं सगळं काम तिथेच तुंबलं.

बाकीचे ध्वनी भराभर झाले. स्वर सात. क्प आणि ग्ब ही जोडाक्षरं नव्हेत. जिभेचा मागचा भाग आणि ओठ एकाच वेळी बंद होऊन एकदम सुटतात. भाषेच्या नावातल्या ‘ऱ्ह’ने मात्र फसू नका. आपल्या कऱ्हाडातला ऱ्ह घोष आहे, म्हणजे स्वरतंतू कंप पावतात. त्यांचा अघोष, कंपाशिवाय.

आता ती तिसरी पातळी, म्हणजे डाउनस्टेप. उऱ्होबोत नामं स्वरानेच सुरू होतात आणि शब्द संपतातही स्वरावर. दोन नामं शेजारी आली की स्वराला स्वर भिडतो. मग एक गळतो, किंवा इ-उ असेल तर य-व होतो. स्वर गेला तरी त्याचा टोन जात नाही. तो नीच असेल तर स्वतः ऐकू येत नाही, पण पुढच्या उच्च टोनला एक पायरी खाली दाबतो. हा दबलेला उच्च फॉर्ममध्ये ‘नीच’ म्हणून भरला की पुढचं सगळं विश्लेषण बिघडतं.

ओळखायचं कसं? त्याच्या पुढचं उच्च अक्षर पाहा. खऱ्या नीचनंतर आवाज पुन्हा वर चढतो. डाउनस्टेपनंतर चढत नाही. पुढचे उच्च टोन त्याच नव्या पातळीवर राहतात. तरीही शंका असेल तर बोलणाऱ्याला तेच वाक्य शीळ घालून म्हणायला सांगा. व्यंजनं गळून पडतात आणि नुसती चाल उरते. सुट्या शब्दावर विसंबू नका, कारण वाक्याच्या शेवटी आवाज तसाही उतरतो. शब्द वाक्याच्या मधोमध बसवून घ्या.

हे आधीच सांगायला हवं होतं : प्रात या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिचची, म्हणजे आवाजाच्या उंचीची मर्यादा पुरुषासाठी ७५ ते ३०० हर्ट्झ, बाईसाठी १०० ते ५०० ठेवा. मोजमाप स्वराच्या मध्यावर घ्या. अघोष व्यंजनानंतर स्वराची सुरुवात उगीचच उंच दिसते, घोष व्यंजनानंतर खाली.

शेवटी मी डाउनस्टेपचं अक्षर ‘उच्च’ म्हणूनच भरलं आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या आधी खाली वळलेला बाण टाकला. ‘उच्च-नीच’ असं भरायचा सल्ला मिळाला होता. तो मानू नका, त्याने न उच्चारलेलं एक अक्षर तयार होतं. आणि उऱ्होबोच्या रोमन लिपीतल्या टिंबवाल्या ए-ओवर (ẹ, ọ) टोनचिन्ह देणार असाल तर सगळी फाइल आधी एकाच युनिकोड रूपात आणा, कारण तेच चिन्हांकित अक्षर संगणकात एकसंध किंवा सुट्या तुकड्यांनी साठवलेलं असू शकतं. नाहीतर डोळ्यांना सारखाच दिसणारा शब्द शोधात सापडत नाही.