बशीतल्या चेतापेशी आणि त्यांचा तोल

‘प्रयोगशाळेत मेंदू वाढवला’ अशा मथळ्यांच्या बातम्या हल्ली वारंवार येतात, परंतु या संशोधनातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्यांत क्वचितच आढळते. उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतील चेतापेशी सुट्या करून काचेच्या बशीत पोषकद्रवात ठेवल्या, तर डोळे, कान, त्वचा यांपैकी काहीही जोडलेले नसताना त्या पुन्हा तंतू पसरतात, एकमेकींशी जोडल्या जातात आणि काही आठवड्यांत ते सारे जाळे ठरावीक अंतराने एकदम उद्दीपित होऊ लागते.

मात्र सगळ्याच पेशी एकाच वेळी बोलू लागल्या, तर त्यातून माहिती फारशी जात नाही. म्हणूनच जॉन बेग्स आणि डिटमार प्लेन्झ या संशोधकांचा 2003 मधील प्रयोग मला मूलभूत वाटतो. त्यांनी उंदराच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, पातळ काप 60 इलेक्ट्रोडांच्या जाळीवर वाढवले. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर जेमतेम 200 मायक्रोमीटर होते. एका ठिकाणी उद्दीपन झाले की काही मिलिसेकंदांत ते दुसरीकडे, तिसरीकडे पोहोचे आणि मग सर्वत्र शांतता पसरे. अशा लाटांना त्यांनी हिमस्खलने म्हटले. त्यांच्या आकारांत एक नियम दिसला: लाट चौपट मोठी असेल, तर ती साधारण आठपटीने दुर्मीळ असते. एका उद्दीपनातून सरासरी एकच नवे उद्दीपन निर्माण होत होते. ही सरासरी एकाहून कमी असती तर संदेश वाटेतच विरला असता, जास्त असती तर त्याने सारे जाळे व्यापले असते.

हा तोल राखण्यात निरोधक, म्हणजे इतर पेशींचे उद्दीपन दाबणाऱ्या, पेशींचा मोठा वाटा असतो. याच प्रयोगात पिक्रोटॉक्सिन हे रसायन देऊन त्यांचा प्रभाव रोखताच संपूर्ण जाळे व्यापणाऱ्या लाटा वाढल्या. पुढे 2011 मध्ये वुड्रो श्यू, प्लेन्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, उत्तेजन आणि निरोध समतोल असताना अशा जाळ्याची माहिती धारण करण्याची आणि पुढे पोहोचवण्याची क्षमता सर्वाधिक असते. सुट्या पेशींपासून वाढवलेली प्रत्येक बशी मात्र या स्थितीला पोहोचतेच असे नाही. काही जाळी तिच्या अलीकडच्या बाजूला थांबतात, तर काही तिच्या पलीकडे जातात.

मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्ज या कंपनीने 2022 मध्ये मानवी किंवा उंदराच्या सुमारे 8 लाख चेतापेशींना ‘पाँग’ या फळीने चेंडू अडवण्याच्या संगणकीय खेळाशी जोडले. चेंडू अडवला की सुसंगत, चुकला की अनियमित विद्युत्संकेत, अशी त्याची रचना होती. त्या संदर्भात ‘संवेदनक्षमता’ हा शब्द वापरला गेला, तो मला घाईचा वाटतो. त्याच प्रयोगाच्या नोंदींवर 2023 मध्ये झालेले विश्लेषण मात्र विचारात घेण्यासारखे आहे. खेळाची रचनाबद्ध माहिती मिळत असताना ही जाळी वर सांगितलेल्या, एका उद्दीपनातून सरासरी एकच उद्दीपन होण्याच्या, तोलाच्या अधिक जवळ गेली. तरीही केवळ तेवढ्याने शिकणे घडत नाही, त्यासाठी आपल्या कृतीचा परिणामही पेशींपर्यंत परत पोहोचावा लागतो, असे संशोधकांना आढळले.