गणपतीतलं बुद्धिबळ, या वेळी मोठ्यांचं

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत गणपतीत बुद्धिबळ स्पर्धा कित्येक वर्षं आहे. म्हणजे फलकावर आहे. चिठ्ठ्या टाकायच्या, जोड्या लावायच्या, हरला तो घरी. पहिल्याच फेरीत निम्मे लोक बाद, आणि शेवटी क्लासला जाणारं एखादं बारा वर्षांचं पोर सगळ्यांना लोळवून कप घेऊन जाणार. मोठ्या माणसांनी हळूहळू नावंच द्यायची सोडली. कॅरमला मात्र मध्यरात्रीपर्यंत गर्दी.

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. पुढच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच फटक्यात ग्रँडमास्टरही झाली. वय १९. दोन्ही वेळी सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस, आणि लगोलग एकच प्रश्न : "पोराला कुठल्या क्लासला घालावं?" माळ्यावरचा पट खाली काढून आपणच एक डाव टाकावा, असं एकाही बापाच्या मनात आलं नाही. क्रिकेट बघून माणूस स्वतः गल्लीत बॅट धरतो, बुद्धिबळ बघून मात्र पोराची फी भरतो. मला हे फार खटकलं. म्हणून ठरवलं, या वर्षी स्पर्धा तीस वर्षांवरच्यांचीच.

मंडळाच्या मीटिंगमध्ये पहिला आक्षेप अपेक्षित होता : "सगळे तोंड मिटून बसणार, त्यात बघायचं काय?" दुसरा महिला सदस्यांचा, आणि तो अगदी रास्त. मी रविवार, ३१ ऑगस्ट धरला होता, तर त्याच दिवशी गौरी येणार होत्या. "म्हणजे आम्ही खेळायचंच नाही असं ठरलंय का?" यावर कोण काय बोलणार! स्पर्धा गौरी गेल्यानंतरच्या बुधवार-गुरुवारी, रात्रीच्या आरतीनंतर क्लब हाऊसमध्ये ठेवली. दहानंतर स्पीकर बंद ठेवावा लागतो, तेव्हा त्या वेळेला आवाज नसलेला खेळ बरा, हा मुद्दा अध्यक्षांना फारच पटला.

बाद पद्धत काढून स्विस पद्धत आणायला खरा जोर लावावा लागला. त्यात हरलेला घरी जात नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात, त्यामुळे पहिला डाव हरलेल्याला दुसऱ्या फेरीत हरलेलाच भेटतो आणि दोघांनाही जिंकायची आशा राहते. पाच फेऱ्यांत ३२ खेळाडूंपर्यंत शेवटी सगळे डाव जिंकलेला जास्तीत जास्त एकच उरू शकतो, हे कागदावर आकडे मांडून दाखवलं तेव्हा खजिनदार गप्प झाले. माझ्या मते सामान्य माणसाला या खेळात टिकवायचं असेल तर याहून मोठा उपाय नाही. रात्री नऊला जेवण उरकून आलेल्या माणसाला वीस मिनिटांत "तुम्ही बाद" म्हटल्यावर तो पुढच्या वर्षी कशाला येईल?

रेटिंग नको हे मी आधीच सांगून टाकलं होतं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हटलं की नोंदणी, शुल्क, प्रत्येकाचा फिडे आयडी आणि मागोमाग अख्ख्या ठाणे जिल्ह्यातले पालक. पंच मात्र खरा हवा होता. ओळखीतून एक पंच मिळाले, त्यांनी लॅपटॉपवर जोड्या लावणारं स्विस मॅनेजर आणलं आणि चाल झाली की दाबायची डिजिटल घड्याळं एका क्लासकडून उसनी मिळवून दिली. त्यांनी मला एकच विचारलं : "यातल्या किती जणांनी आयुष्यात घड्याळाला हात लावलाय?" जवळपास कुणीच नाही. नियमाप्रमाणे खेळाडू घड्याळ दाबायला विसरला तर पंचानं आठवण करून द्यायची नसते. आम्ही पहिल्या दोन फेऱ्यांपुरती ती सूट दिली. क्लब हाऊसभर "काका, घड्याळ!" चालू होतं. तिसऱ्या फेरीपासून सूट बंद, आणि आश्चर्य म्हणजे तोवर बहुतेकांच्या हाताला सवय झाली होती.

सगळ्यात गंमत देशी नियमांनी आणली. पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणांनी खेळ घरी आजोबांकडून उचललेला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. म्हणून मोठ्या अक्षरांत नियमांचं एकच पान छापून प्रत्येक टेबलावर चिकटवलं होतं. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या डावात व्हायचं ते झालंच. काकूंचं माहेर सांगलीचं. शाळेत असताना खाडिलकर भगिनींच्या बातम्या वाचून त्या पटाला बसायला लागल्या. (महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ची, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती.) काकूंनी प्यादं ऐटीत दोन घरं सरकवलं. समोरच्या आयटीवाल्या तरुणानं शेजारच्या घरातलं आपलं प्यादं तिरकं टाकून ते उचललं. काकू म्हणाल्या, "अरे, माझं प्यादं त्या घरात नाहीच, मारलंस कसं?" पंचांनी पानावरची तिसरी ओळ दाखवली : दोन घरं सरकलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याला लगेचच्या चालीत, ते एकच घर सरकल्यासारखं, मारता येतं. काकूंनी ती दोनदा वाचली, चष्मा वर केला, "हे चोरीचं आहे" असं जाहीर केलं आणि त्यानंतर सोळाव्या-सतराव्या चालीला त्याचा वजीर खाल्ला.

बघायचं काय, या प्रश्नावर उपाय मंडपातच होता. आरती दाखवायला लावलेला टीव्ही रात्री रिकामाच असायचा. पहिल्या पटावर वरून मोबाईल टांगला आणि चित्र पार्किंगमधल्या टीव्हीवर सोडलं. आत शांतता, बाहेर समालोचन. ऑनलाइन खेळणारा एक कॉलेजचा मुलगा मराठीत बोलत होता : "साठ्ये काकांचा उंट आमच्या पार्किंगमधल्या गाडीसारखा अडकलाय, पुढचं प्यादं हलल्याशिवाय निघत नाही." लोक हसत होते, चाली सुचवत होते, एकमेकांना खोडून काढत होते. डाव बघताना तोंड बंद ठेवायचं ही अट मराठी माणसाला मानवत नाही, ती आतल्यांपुरतीच ठेवावी. कॅरमवालेसुद्धा येऊन उभे राहिले.

शेवटी दोघांचे साडेचार गुण झाले. मग बरोबरी फोडणारं बुखोल्झ समजावून सांगणं आलं : तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. "म्हणजे तो हरला म्हणून माझा कप गेला?" हो, तसंच. दोघांना सारखेच कप देऊन आम्ही तो विषय मिटवला. काकूंना तीन गुण मिळाले.

आता दर शनिवारी रात्री क्लब हाऊसमध्ये चार-पाच पट लागतात. एका संचातला काळा घोडा हरवलाय, त्या जागी बाटलीचं झाकण चालतं. पुढच्या वर्षी रेटिंग स्पर्धा घेऊ, मुलांचा गट उघडू, प्रायोजकही मिळेल, असा प्रस्ताव दोन पालकांनी दिला आहे. मुलांचा गट घ्या, पण वेगळ्या दिवशी, असं मी लेखी कळवलंय. विषय पुढच्या मीटिंगला आहे.