तुम्ही विचारलंत म्हणून : पापांचा विचार करून मन खचत नाही?

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारी पुण्यात नाना पेठेतल्या सिटी चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ऑफिसात गेलं, की कुणीतरी विचारतंच, "चाळीस दिवस स्वतःच्या पापांचाच विचार करायचा? मन खचत नाही का हो?" उपवासकाळात मी सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीने प्रार्थना करते, हे ज्यांना ठाऊक आहे ते तर हमखास विचारतात.

खचू शकतं. खुद्द इग्नेशियस यांचं खचलं होतं. १५२१मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटलं. पुढच्या वर्षी मोंतसेरातच्या मठात त्यांनी तीन दिवस घेऊन आयुष्यभराच्या पापांचं निवेदन केलं, म्हणजे धर्मगुरूपुढे ती कबूल केली. तरी नंतर मानरेसा या गावात राहताना टोचणी सुटेना. काहीतरी सांगायचं राहिलंय. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा तीच शंका. जीव द्यावा, इथवर मजल गेली. अखेर जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुटले. 'आध्यात्मिक साधना' या त्यांच्या पुस्तकाची सुरुवात मानरेसातलीच. १५४८मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. पापाकडे कसं बघायचं याची जी शिस्त त्यात आहे, ती पोळलेल्या माणसाने घालून दिलेली आहे.

म्हणून तर त्यांनी सांगितलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी पाप नाहीच. पहिली पायरी आभार. मग, मला माझं खरं रूप दिसू दे अशी याचना. दिवसाची तपासणी तिसरी. नंतर क्षमायाचना, आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. संध्याकाळी मेट्रोने रामवाडीकडे येताना मी हे करते. आभारांनी सुरुवात केली की रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत किंवा कामवाल्या मावशींना तोडून बोललेलं वाक्य दिसतं ते नीट, वाढवून नाही की झाकून नाही. थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली, तर नुसती चिडचिड हाती लागते.

साधनेचा पहिला टप्पा मात्र सगळा पापाचाच आहे. देवदूतांचं पाप, आदाम-एवेचं, मग माझं. त्यात नरकाचं ध्यानही आहे, पंचेंद्रियांनी करायचं, गंधकाच्या वासासकट. माझं मन त्यात कधीच रमलं नाही. पण पहिल्याच ध्यानाच्या अखेरीला क्रूसावरच्या ख्रिस्तासमोर उभं राहून, मित्र मित्राशी बोलतो तसं बोलायचं असतं. प्रश्न तीन : मी त्याच्यासाठी काय केलं, काय करतेय, काय करायला हवं. तू किती वाईट आहेस, हा प्रश्न त्यात नाही. माझ्या मते सगळी साधना या संवादात आहे. पाप एकट्याने बघायचं नाही, कुणाच्या तरी समोर बघायचं. आपले वारकरी संतही स्वतःला पतित म्हणवून घेतात ते विठ्ठलाच्या तोंडावर, कोपऱ्यात बसून नाही.

टोचणीबद्दलही इग्नेशियस यांचं निरीक्षण बारीक आहे. पापावर पाप करत सुटलेल्याला जी टोचणी लागते ती देवाकडून, त्याला जागं करायला. पण जो सुधारू पाहतोय त्याला खिन्न करणारी, वाटेत खोटे अडथळे उभे करणारी टोचणी दुसऱ्याच ठिकाणाहून, सैतानाकडून येते. म्हणून मी एवढंच पाहते : ही टोचणी मला मावशींची माफी मागायला उठवतेय, की नुसतं बसवून ठेवतेय? बसवून ठेवत असेल तर तिचं ऐकत नाही.

आणि ज्यांचं मन खरंच खचतं, त्यांनी हे एकट्याने करू नये. मनातलं गुपित जाणत्या माणसापाशी उघड केलं की सैतानाचा डाव फसतो, असं इग्नेशियस म्हणतात. असं कुणी भेटलं तर मी सांगते, पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांशी बोला, आणि तोवर काही दिवस फक्त आभाराची पायरी करा. पळवाट नाही ही. माणसाचं वय, शिक्षण, कुवत बघून साधना बेतावी, हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या सूचनांतच लिहिलेलं आहे.