ऑइलचे शंभर भरले

मागची नोंद मी इंटरकूलरच्या पाइपावर थांबवली होती. त्यानंतर इतके महिने गप्प होतो, कारण जे झालं ते सांगायला लाज वाटत होती. आता इंजिन शांत आहे, तर सगळं एकदाच लिहून टाकतो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००५ची, १.८ लिटर टर्बो, २० व्हॉल्व्ह, दीडशे हॉर्सपॉवर, नंबर एमएच-०४. मी तिसरा मालक.

१,३८,२०० किमी, मे २०२४

कासारवडवलीहून वागळे इस्टेट, साधारण बारा किलोमीटर. आठवड्यातून तीन दिवस मी हीच गाडी ऑफिसला नेतो. मेट्रो ४च्या खांबांमुळे घोडबंदर रोडची काय गत झाली होती ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. मानपाड्याच्या सिग्नलला दहा मिनिटं उभा होतो. एसी चालू, तापमानाचा काटा बरोबर मध्यावर. सिग्नल सुटला, गाडी जरा उचलली आणि मीटरमध्ये तेलाची लाल झारी, म्हणजे ऑइल प्रेशर कमी झाल्याचा दिवा, पेटली. तीनदा पीं पीं पीं. मी जागच्या जागी इंजिन बंद केलं. मागच्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डिपस्टिक काढली तर ऑइल पुरेपूर. म्हणजे चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेल आहे, पण वर पोचत नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढवून ऐरोलीमार्गे रबाळे एमआयडीसीतल्या गॅरेजला पाठवली. तिथल्या मेकॅनिकना सगळे दादाच म्हणतात, मीही. फोनवर ऐकून त्यांचं पहिलं वाक्य: "साहेब, जुनी गाडी आहे. अजून घट्ट ऑइल टाका, दिवा जाईल."

आता लाजेची गोष्ट. आधीच्या मालकाने डिकीत २०डब्ल्यू-५० या घट्ट ग्रेडच्या साध्या मिनरल ऑइलचा अर्धा डबा ठेवला होता. पुढची दोन वर्षं मीही तेच टाकत राहिलो. ऑइल घट्ट, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज कमी, सगळं झकास वाटायचं. रोग झाकला होता आणि मी त्यालाच औषध समजत होतो.

दादांना म्हटलं, आधी मोजू. प्रेशर स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजायचं घड्याळ लावलं. इंजिन गरम, आयडलला ०.६ बार. २००० आरपीएमला १.३. दोन्ही फारच कमी. दादांनी घड्याळावर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "चेंबर उतरवू."

चेंबर

हे काम स्वतः करायचा विचार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टर्बोतून तेल परत आणणारी नळी चेंबरला जोडलेली असते, ती आधी सोडवावी लागते. आणि गिअरबॉक्सच्या बाजूचे दोन बोल्ट असे अडचणीत बसलेत की हात आत जातो पण पाना फिरत नाही. लांब एक्स्टेन्शन लावून दादांचा पोऱ्या अर्धा तास तिथेच लटकला होता. पॅकिंग नाही, चेंबर नुसत्या सिलिकॉनवर चिकटलेला. पातळ पट्टीने चारी बाजूंनी सोडवला तेव्हा कुठे खाली आला.

तळाशी काळा गाळ होता, बोट फिरवलं की वांग्याच्या भरतासारखा सरकणारा. पण खरं दुखणं जाळीत. पंपाच्या सक्शन नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तिची तीन चतुर्थांश भोकं बुजलेली. वर कडक काळे कण. एक कण नखाने दाबला तर कोळशासारखा मोडला. टर्बोला तेल देणारी नळी एक्झॉस्टला लागून जाते. इंजिन बंद केल्यावर तिच्यात उरलेलं तेल तिथल्या तिथे भाजतं, त्याची खपली धरते आणि ती सुटून खाली येते. साधं मिनरल ऑइल या उष्णतेला लवकर मोडतं. क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली, वाफ ओढणारा एक होजही चिरलेला निघाला, म्हणजे आतली ओल बाहेर पडायची वाटही धड नव्हती.

घट्ट तेलाने प्रेशर वाढतं हे खोटं नाही. पण प्रेशर म्हणजे तेल वाहताना झालेला अडथळा. तोंडाशी बुजलेली जाळी असताना तेल जितकं घट्ट, तितकं ते पंपापर्यंत कमी पोचणार. चिंचोळ्या नळीतून लस्सी ओढून पाहा, मग ताक. मी दोन वर्षं इंजिनाला लस्सी पाजत होतो.

जाळी आणि पंप नवीन, टर्बोची नळी नवीन, होज नवीन. सिलिकॉन लावून रात्रभर सुकू दिलं. इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ झटपट धुणारं रसायन, टाकायचा मोह मी टाळला. वर हेडमध्ये उरलेला गाळ एका झटक्यात सुटून नव्या जाळीवर येऊन बसावा, ही इच्छा नव्हती. चांगलं डिटर्जंट असलेलं ऑइल हळूहळू धुतं. त्याला वेळ द्यायचा आणि पहिलं ऑइल लवकर काढायचं, असं ठरवलं.

कोणतं ऑइल

इथे मी पंधरा दिवस घातले. बायकोच्या मते आमचा फ्लॅट निवडायला यापेक्षा कमी वेळ लागला.

डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक' या शब्दांवर जाऊ नका. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात याच शब्दावरून जुंपली होती. तिथल्या जाहिरात मंडळाने कॅस्ट्रॉलची बाजू उचलून धरली आणि तेव्हापासून हायड्रोक्रॅक केलेलं, म्हणजे कच्च्या तेलापासूनच खूप शुद्ध केलेलं ग्रुप ३ बेस ऑइलही (ऑइलचा मूळ भाग) सिंथेटिक म्हणून विकलं जातं. त्यात वाईट काही नाही, शेलचं नैसर्गिक वायूपासून बनवलेलं बेस ऑइल तर उत्तमच मानतात. फक्त पुढच्या बाजूचा शब्द तुम्हाला काही सांगत नाही. डबा उलटा करा. माझ्या इंजिनासाठी मागे फोक्सवॅगनचा (स्कोडा त्यांचीच) ५०२.०० हा दर्जा हवा. तोही 'अप्रूव्हल' या शब्दाखाली. 'मीट्स रिक्वायरमेंट्स' म्हणजे कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र.

ग्रेडचं म्हणाल तर ५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरवता येतं का याची) उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५वर. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे पंधरा-सोळा अंश झाले की लोक कपाटातून स्वेटर काढतात, त्यामुळे हा आकडा आपल्याला बिनकामाचा वाटतो. पण वीस अंशांनाही २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-४०पेक्षा बरंच जाड असतं आणि माझ्या हेडमध्ये वीस हायड्रॉलिक टॅपेट तेलाची वाट बघत असतात. जुन्या ऑइलवर सकाळी चार-पाच सेकंद खडखड व्हायची. आता किल्ली फिरवली की जेमतेम एक सेकंद.

मागचा आकडा, ४०, म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या (तेलाच्या जाडीचं माप) मध्ये. त्याहून मोलाचा आकडा डब्यावर बहुधा नसतोच, तो डेटाशीटमध्ये शोधावा लागतो: एचटीएचएस. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये तेल चिरडलं जात असताना उरलेली जाडी. एसीईए या युरोपियन संस्थेच्या ए३/बी४ दर्जात ती किमान ३.५ लागते. नव्या गाड्यांची ०डब्ल्यू-२० इथेच बाद. काउंटरवरचा मुलगा मायलेजसाठी तेच माझ्या गळ्यात मारू बघत होता.

५डब्ल्यू-३०मध्ये फोक्सवॅगनच्याच ५०४.०० दर्जाचं मिळतं, त्याचंही एचटीएचएस ३.५च्या वर असतं आणि ते चुकीचं ठरलं नसतं. पण त्यात राख देणारे, म्हणजेच आम्ल मारणारे, घटक कमी ठेवलेले असतात, नव्या गाड्यांच्या फिल्टरसाठी. मला ती ताकद जास्त हवी होती. 'एपीआय एसपी (अमेरिकन संस्थेचा दर्जा) म्हणजे सगळ्यात नवीन, तेच घ्या' असाही सल्ला तेव्हा, २०२४मध्ये, मिळाला. २०२०च्या त्या दर्जातल्या दोन मोठ्या नव्या चाचण्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोच्या अवेळी ज्वलनाच्या आणि टायमिंग चेनच्या झिजेच्या आहेत. माझं पेट्रोल पोर्टमध्ये फवारलं जातं आणि टायमिंगला बेल्ट आहे. एसपी असेल तर असू दे, नसेल तर माझं अडत नाही.

शेवटी यादीत तीन उरली: मोटुल ८१०० एक्स-सेस ५डब्ल्यू-४०, शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० आणि मोबिल १ ०डब्ल्यू-४०. त्यातलं ज्याचं सील शाबूत आणि उत्पादनाची तारीख ताजी ते घेतलं. कोणतं ते सांगत नाही, नाहीतर वाद त्यावरच होईल. एक मात्र सांगतो. एका दुकानात निम्म्याहून कमी भावात 'तेच' मिळत होतं. झाकणाखालची कडी आधीच तुटलेली आणि डब्याला अॅसिटोनचा वास. तिथून सरळ बाहेर पडलो.

१,३९,७०० किमी, दिवाळी २०२४

पंधराशे किलोमीटरवर पहिलं ऑइल काढलं. डांबर! फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, काळे कण होते. चुंबक फिरवलं, धातू चिकटला नाही. साडेचार लिटर नवीन भरलं.

दरम्यान गळती सुरू झाली. 'सिंथेटिकने गळते, सांगितलं होतं ना' असं ऐकवणारे भेटलेच. हेड कव्हरचं पॅकिंग आणि दोन कॅमना जोडणाऱ्या छोट्या चेनच्या (टायमिंगचा बेल्ट वेगळा) टेन्शनरखालचं अर्धचंद्राकार रबर, दोन्ही खडखडीत वाळलेली. इतके दिवस गाळानेच भोकं बुजवली होती. दोन्ही बदलली, गळती थांबली.

१,४३,१०० किमी, गणपतीनंतर, २०२५

माझ्या ट्रिप कॉम्प्युटरच्या दुसऱ्या मेमरीत चालवलेला वेळ साठतो आणि १०० तास होत आले की ती आपोआप शून्यावर येते. शिशुपालासारखं, शंभर भरले की संपलं. प्रत्येक वेळी मी डायरीत खूण करतो. दिवाळीपासून ऑइलचे शंभर दोनदा भरले, अंतर झालं ३,४०० किलोमीटर. सरासरी वेग ताशी १७.

हेच २०० तास मी नाशिक हायवेला ताशी ७०ने काढले असते तर १४,००० किलोमीटर झाले असते. म्हणजे ३,४०० वाचून 'अजून नवीनच आहे' म्हणणारा माणूस १४,०००चं ऑइल घेऊन फिरतोय. वर त्यात सिग्नलची धग, आणि बारा किलोमीटरच्या प्रवासात ऑइल धड तापायच्या आत गाडी बंद.

शंका फेडायला नमुना प्रयोगशाळेत दिला. १०० अंशांना जाडी १३.६वरून ११.९. म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं तेल प्रत्यक्षात ३०च्या घरात उतरलं होतं. थोडं पेट्रोल मिसळलेलं आणि जाडी टिकवणारे पॉलिमर चिरडलेले. लोखंडाचा आकडा मात्र शांत. ऑइलचा दोष नाही, या रस्त्यावर कुठलंही असतं तरी साधारण हेच झालं असतं. दहा हजारांचं वचन देणाऱ्या डब्याला घोडबंदर माहीत नसतो, एवढंच.

म्हणून माझा हिशोब आता असा: तेच ऑइल, तीच ग्रेड, पण १५० तासांवर बदल. महागड्या ऑइलला जास्त ताणून पैसे वसूल करायची खोड मोडावी लागली.

१,४३,३८० किमी

रविवारी पहाटे पाचला निघून कसारा घाट, इगतपुरीला मिसळ, परत. घड्याळ आता कायमचं बसवलंय. घाट चढून वर आल्यावर, तेल चांगलं तापलेलं असताना, २००० आरपीएमला ३.८ बार. आयडलला १.५. खाली उतरल्यावर लगेच इंजिन बंद केलं नाही, दोन मिनिटं टर्बोला थंड होऊ दिलं.

दादांनी काचेवर त्यांचं स्टिकर लावलंय, 'पुढील बदल १,४८,१००'. त्याखाली मी पेनाने तास लिहिलेत. त्यांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "साहेब, जेसीबीलापण असंच असतं."