तुम्ही विचारलंत म्हणून: मार्चात खान्देशात फुलं कुठे टिपायची?

फेब्रुवारी सरत आला की हा प्रश्न येतोच. "होळीच्या सुट्टीत गाडी काढतोय. तुमच्याकडे रानफुलांचे फोटो कुठे चांगले मिळतील? लोकेशन पाठवा ना." विचारणारे बहुतेक पुण्या-नाशिककडचे, आणि मनात कासचं पठार. तसा गालिचा मार्चात आमच्याकडे कुठेच नाही. तेरडा-सोनकी हवी तर भादव्यात या. मार्चात जमीन करपलेली आणि फुलं सगळी झाडांवर: पळस, काटेसावर, पांगारा, गणेर, मागोमाग मोह.

लोकेशन मी सहसा पाठवत नाही. गेल्या साली लदबदलेलं झाड यंदा बांध सरळ करताना जेसीबीखाली गेलेलं असतं. त्यापेक्षा जमीन ओळखा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. जिथे पाणी आणि पैसा, तिथे पळसाला जागा नाही. तो उरतो गायरानात, पडीकात, नाल्याकाठी, मुरमाड बांधावर. गुरं त्याच्या पानाला फारसं तोंड लावत नाहीत, तोडला तरी बुडखा परत फुटतो. म्हणून चरून चरून बोडक्या झालेल्या माळावरही हा पठ्ठ्या उभा असतो. थोडक्यात, हिरवं दिसतंय तोवर गाडी पळवा आणि जमीन तांबूस, ओसाड व्हायला लागली की वेग कमी करा.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्यानेच जातो. पश्चिमेकडे निघालात तर डोंगर उजव्या हाताला. मुख्य रस्त्यावर फार रेंगाळू नका, उजवीकडच्या फाट्यांना वळा. सावद्याहून खिरोदा करत पालकडे, अडावदहून उनपदेवकडे, शहाद्याहून तोरणमाळकडे. पाल म्हणजे यावल अभयारण्य, १९६९ पासूनचं. नाक्यावर नोंद करूनच आत जा. तोरणमाळला वर थंडावा असतो, त्यामुळे खालचा बहर ओसरला तरी घाटात काही ना काही सापडतं. दक्षिणेला चाळीसगावजवळचं पाटणादेवी आहेच. शिरपूरहून आग्रा रोडने पळासनेर, बिजासनकडेही पळस आहे, पण त्या घाटात ट्रकांची जी रांग असते त्यात फोटोसाठी थांबणं म्हणजे जिवाशी खेळ.

नकाशापेक्षा माणसं कामाला येतात. मेंढरांमागचा ठेलारी किंवा शेळ्या वळणारी एखादी आजी दिसली की काच खाली करा आणि अहिराणीत "पयस कोठे फुलना?", म्हणजे पळस कुठे फुललाय, एवढं विचारा. पळस आणि सावर कुठे फुललीय हे त्यांना ठाऊक असतं, कारण सावरीची मांसल फुलं खाली पडली की शेळ्या त्यावर तुटून पडतात. पेट्रोल पंपावर विचाराल तर मंदिराचा रस्ता सांगतील.

आता फोटोचं. पळसाचा लाल-केशरी रंग मोबाईलला झेपत नाही. दहा वाजल्यानंतर काढाल तर पाकळीवरचं सगळं बारीक काम जाऊन नुसता शेंदराचा गोळा उरतो. उजेड मुद्दाम थोडा कमी ठेवा. सकाळी सातच्या आसपास ऊन फुलाच्या मागून येऊ द्या, मग पाकळीवरची चंदेरी लव दिसते, आणि देठाकडचा, कळीला झाकणारा कोष काळ्या मखमलीचा. लोक त्या कोषाकडे बघतच नाहीत. माझ्या मते फुलाची निम्मी ऐट तिथेच आहे. पक्षी हवे असतील तर फुललेल्या झाडापासून लांब, गाडीतच बसून राहा. सूर्यपक्षी, साळुंक्या, कोतवाल येतात, आणि नशीब असेल तर पळसमैनांचा थवा. गणेरासाठी खडकाळ उतार शोधा: एकही पान नसलेली वाकडी फांदी आणि टोकाला हळदीसारखं पिवळंधमक फूल. मागे निळं आभाळ घेतलंत की बाकी काही करावं लागत नाही.

मोहाच्या बाबतीत मात्र जपून. त्याची फुलं रात्री-पहाटे गळतात, फिकट, रसाळ, बोटाच्या पेराएवढी. सूर्य वर यायच्या आत घरची बायापोरं टोपल्या घेऊन वेचायला येतात. वेचणं सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा आधीच जाळलेला असतो, त्यामुळे काळ्या जमिनीवर ही फुलं फार उठून दिसतात आणि शहरी माणूस थेट त्यांत पाय घालून उभा राहतो. झाडाखाली गाडी लावू नका. ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. आधी विचारा, वेचून होऊ द्या, मग कॅमेरा काढा. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारातही तेच: नटलेल्या पोरींच्या तोंडासमोर लेन्स धरू नका.

आणि हो, पिवळ्या पळसाचं विचारू नका. झाड मला माहीत आहे, सांगणार नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यासाठी लोक त्याची साल, मुळ्या, फुलं ओरबाडतात.

होळी हुकली आणि एप्रिलअखेर निघणार असाल, तर पळसाचा नाद सोडा आणि बहावा धरा. त्यासाठी डोंगरातच जावं असंही नाही, जळगाव-धुळ्याच्या वसाहतींतही तो फुलतो. तेव्हा पारा चाळिशी ओलांडलेला असतो. साडेनऊपर्यंत काय मिळेल ते घ्या आणि सावली गाठा.