बोटीवरचे गुरुजी

"खायचं, झोपायचं आणि समुद्र बघायचा. त्याला डायरेक्टर कशाला लागतो?"

सिअ‍ॅटलच्या पिअर ९१ वर बोटीत चढायच्या रांगेत उभं असताना ह्यांनी विचारलेला हा प्रश्न. मुलगी रेडमंडला असते. आमची पस्तिसावी अ‍ॅनिव्हर्सरी म्हणून तिने आम्हाला सात रात्रींच्या अलास्का क्रूझची तिकिटं काढून दिली होती. स्वतः मात्र रजा नाही म्हणून येणार नव्हती. तिने पाठवलेल्या पीडीएफमध्ये कॅप्टन आणि हॉटेल डायरेक्टर यांच्या शेजारी 'क्रूझ डायरेक्टर' असा एक हसरा फोटो होता, त्यावरून हे निघालं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. एक तर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मी अठरा वर्षं सांस्कृतिक कार्यक्रमांचं बघते आहे. रिकाम्या खुर्च्यांसमोर माइक घेऊन "पुढे या, पुढे या, लाजू नका" म्हणण्यात काय जातं ते मला ठाऊक आहे. दुसरं म्हणजे आमची पहिली क्रूझ मी विसरले नव्हते.

ती २०१७ ची, सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतची. मुंबईहून निघालेल्या ग्रुप टूरमध्ये आम्ही चाळीसएक जण. त्या बोटीवरचा क्रूझ डायरेक्टर आम्हाला फक्त ऐकू यायचा. सकाळी आठपासून "हॅलो हॅलो हॅलो", मग बिंगोची तिकिटं, मग घड्याळांचा सेल, मग परत बिंगो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत सूर्य बुडत होता, समोर मालवाहू जहाजांची न संपणारी रांग, आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून डीजे. फुकेतला मोठ्या बोटी पातोंगच्या समोर नांगर टाकतात आणि माणसं छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. माझे सासरे भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने वेंगुर्ल्याला जायचे तेव्हा बंदरात पडावात उतरावं लागे, तोच हा प्रकार, फक्त लाइफ जॅकेटसकट. मे महिना संपत आला होता, नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला होता आणि समुद्राला चांगलीच फुगी होती. टेंडर चालणार नाहीत हे कुठल्याही कोळ्याने सांगितलं असतं. आम्हाला मात्र साडेसातपासून टोकन देऊन एका हॉलमध्ये बसवून ठेवलं. दहा वाजता कळलं की फुकेत रद्द. सांगणाऱ्याच्या आवाजात तोच उत्साह, आणि पुढचं वाक्य, "आणि म्हणूनच आज डबल बिंगो!"

माणसं चिडली. रिसेप्शनवर भांडणं झाली. आमची टूर लीडर पंचविशीतली मुलगी होती. तिने अख्ख्या ग्रुपला वरच्या डेकच्या कोपऱ्यात गोळा केलं, बॅगेतून चिवडा काढला आणि दोन तास अंताक्षरी चालवली. त्या सहलीतलं मला आज आठवतं ते एवढंच.

तर ही पार्श्वभूमी. म्हणून अलास्काच्या बोटीवर पहिल्या संध्याकाळी स्पीकर खरखरला तेव्हा मी मनाशी म्हटलं, झालं सुरू.

आवाज मात्र शांत होता. मध्यमवयीन माणूस, इंग्रजी सावकाश, आमच्यासारख्यांनाही कळेल असं. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: उद्याचा दिवस पूर्ण समुद्रात आहे, रात्री बोट थोडी हलेल तेव्हा जिन्याचा कठडा धरा, आणि मी दिवसातून दोनदाच बोलेन. मग बंद. सत्यनारायणाला चांगले गुरुजी मिळाले की कसं होतं? आता पळीभर पाणी सोडा, आता अक्षता वाहा, आता थोडा वेळ नुसते हात जोडून बसा. यजमानाला काही येत नसलं तरी त्याला आपण चुकतोय असं वाटत नाही. मी त्या रात्रीच त्याचं नाव गुरुजी ठेवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला प्रश्नमंजूषा होती. मी गेले, हे माझी पर्स सांभाळायला म्हणून आले. गुरुजींचा नियम एकच: टीम सहा जणांची, कमी चालणार नाही. नियम साधा दिसतो, पण त्यातली गोम माझ्या लगेच लक्षात आली. दोघं दोघं आलेल्यांना अनोळखी माणसांकडे जावंच लागतं, आणि एकट्याने आलेल्याची ओशाळवाणी अवस्था होत नाही, कारण सहावा माणूस प्रत्येकालाच हवा असतो. आमच्या टेबलावर कॅलिफोर्नियातल्या दोन फिलिपिनो बहिणी आल्या, दोघी नर्स. कॅनडातला एक पोरसवदा मुलगा आला. आणि टेक्सासचे एक आजोबा. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, तिकीट मुलांनी काढून दिलेलं, आमच्यासारखंच. ते दाराशीच घुटमळत होते. गुरुजी त्यांना घेऊन आले नाहीत. ते नुसतं मोठ्याने म्हणाले, "टेबल चारला एक माणूस कमी पडतोय," आणि दुसरीकडे वळले. आजोबा आपणहून आले.

आमच्याकडे मी उत्साहाच्या भरात काकांचा हात धरून त्यांना स्टेजवर ओढते. त्या दिवशी मला जरा लाज वाटली.

विसावा प्रश्न होता: कीबोर्डच्या एकाच ओळीवर टाइप करता येईल असं अमेरिकेतलं राज्य कोणतं? सगळ्या टेबलांवर माणसं हवेत बोटं नाचवायला लागली. ह्यांनी तोवर एकाही प्रश्नात तोंड उघडलं नव्हतं. एकदम ह्यांची बोटं टेबलावर हलली. १९७९ साली डोंबिवलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर घोटलेलं एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे. "अलास्का," हे म्हणाले. "सगळी मधल्या ओळीतली." आजोबांनी टेबलावर थाप मारली. आम्ही एका मार्काने हरलो, पण दुसऱ्या दिवशी चार वाजायला पाच मिनिटं असताना हेच मला म्हणाले, "चल, उशीर होईल."

जूनोला उतरलो. अलास्काची ही राजधानी, पण बाहेरच्या जगातून तिथे एकही रस्ता येत नाही. बोटीने या नाहीतर विमानाने. मेंडनहॉल हिमनदी बसमधून जाऊन पाहिली. स्कॅग्वेला व्हाइट पासची रेल्वे केली. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही अरुंद लाइन, खाली दरी, वर बर्फ. कसारा घाटाची सवय असलेल्यांनीही खिडकी धरून बसावं अशी. फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात, त्यामुळे जास्त लिहीत नाही. दोन्ही गावांत धक्क्यालगत दागिन्यांची दुकानंच दुकानं. एका दुकानात हिंदीत हाक आली. सुरतचा पोरगा, उन्हाळ्याचे पाच महिने इथे काढतो. बोटीवर 'शॉपिंगची माहिती' म्हणून जे भाषण होतं ते याच दुकानांचं. ते भाषणही गुरुजींच्याच खात्यात येतं. म्हणजे माणूस कितीही भला असला तरी बिंगो, दारू आणि हिरे खपायला हवेत हा हिशेब त्याच्या डोक्यावर असतोच. हे मी विसरलेले नाही.

स्कॅग्वेहून निघालो त्या रात्री बारमध्ये लिंबूसरबत मागताना वेटरच्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि विचारलं, "गोंयचो?" सासष्टीचा निघाला. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, बाप तारवटी, हाही तारवटी. माझं माहेर मालवणचं, त्यामुळे त्याची कोंकणी आणि माझी मालवणी यांचं जमून गेलं. मी ह्यांचाच प्रश्न त्याला विचारला, क्रूझ डायरेक्टरने खरंच काही फरक पडतो का?

"बरो मनीस तो," तो आधी म्हणाला. मग त्याने आतली गोष्ट सांगितली. नाचणारे, गाणारे, वादक, मुलांना सांभाळणाऱ्या मुली, साउंडवाले, सगळे या माणसाच्या हाताखाली. त्याच्या वर हॉटेल डायरेक्टर, त्याच्या वर कॅप्टन. बोट कुठे जाणार यात त्याला शून्य अधिकार. पण बोट कुठे गेली नाही की लोक आधी त्याच्याकडे बघतात. "डायरेक्टर बेकार असला की आमच्याकडे तक्रारी वाढतात, ताई. जेवण तेच, आचारी तेच. पण कंटाळलेला माणूस सूपमध्ये मीठ कमी काढतो." मग तो टेबल पुसायला लागला.

मला आमच्या मंडळाचा महाप्रसाद आठवला. ज्या वर्षी नाटक पडलं, त्याच वर्षी म्हणे मसालेभात कच्चा राहिला होता.

पुढचा दिवस ग्लेशियर बेचा. इथे बंदर नाही. बोट आत जाते, हिमनदीसमोर थांबते आणि परत फिरते. नॅशनल पार्कमध्ये दिवसाला दोनच मोठ्या बोटींना प्रवेश. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या होडीतून आले आणि चालत्या बोटीच्या कुशीला सोडलेल्या शिडीवरून वर चढले. त्याआधी गुरुजींचा आवाज आला: "आज माझं काम गप्प बसायचं आहे. रेंजर बोलतील." आणि खरंच दिवसभर डेकवर गाणं नाही, बिंगो नाही, कसला सेल नाही.

रेंजरबाईंनी सांगितलेलं ऐकून मी कठड्याला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. १७५० च्या सुमारास हा सगळा उपसागर बर्फाने भरलेला होता. १७९४ मध्ये व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसं आली तेव्हा किनाऱ्याला नुसती एक खाच होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसहून जास्त मैल मागे सरकला होता. आम्ही सकाळपासून ज्या पाण्यावरून चाललो होतो ते सगळं बर्फाने मोकळं केलेलं. इथल्या मूळ रहिवाशांची, हूना ट्लिंगिट लोकांची, गावं इथेच होती. पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना हुसकावलं होतं.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. मैलभर रुंद, निळसर, भेगाळलेली भिंत. दोन-तीन हजार माणसं डेकवर आणि कुणी बोलत नव्हतं. वेटर वाटाण्याचं गरम सूप फिरवत होते. मग गोळी सुटावी तसा आवाज, आणि तो विरल्यावर एक तुकडा सावकाश खाली येताना दिसला. आवाज ऐकून मान वळवेपर्यंत अर्धी गंमत संपलेली असते. ट्लिंगिट लोक या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. पाणी उसळलं, सील बसलेले बर्फाचे तुकडे हलले. टेक्सासच्या आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती.

मी वळून पाहिलं तर गुरुजी दाराजवळ भिंतीला टेकून उभे. हातात माइक नाही. ते हिमनदीकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. कार्यक्रम रंगल्यावर मीही विंगेत अशीच उभी राहते. सुपात मीठ होतं की नाही, मला आठवत नाही.

खरी परीक्षा सहाव्या दिवशी झाली. सकाळी सातला कॅप्टनने सांगितलं की केचिकन या पुढच्या बंदरात वारा मर्यादेपलीकडे आहे, धक्क्याला लागणं सुरक्षित नाही, आपण पुढे जातोय. माझ्या पोटात फुकेतचा गोळा आला. पाच मिनिटांत गुरुजी बोलले. आधी म्हणाले, "वाईट वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतंय." मग: बोटीतर्फे घेतलेल्या सहलींचे पैसे आपोआप खात्यात जमा होतील, रिसेप्शनच्या रांगेत उभं राहू नका. नऊ वाजेपर्यंत दिवसाचा नवा कागद दाराशी येईल. नऊच्या आत कागद आला. केचिकनला माणसं साल्मन मासे पाहायला उतरणार होती, म्हणून साल्मनवर व्याख्यान. स्वयंपाकघर दाखवायची फेरी. रात्रीचं नाटक दुपारी. आणि एका कोपऱ्यात, 'ज्यांना काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी: आठवा मजला, मागची बाजू, शांतता.'

हे आठव्या मजल्यावर गेले. मी स्वयंपाकघरात. केचिकनचा पाऊस बघायचा राहिला. वर्षाला पावणेचारशे सेंटीमीटरच्या आसपास पडतो म्हणे, पण आंबोलीच्या माणसाला त्याचं काय कौतुक.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, मिळालं का उत्तर? हे म्हणाले, "मला तर आज तो दिसलाही नाही. मी मागे बसून व्हेल शोधत होतो." मग थोडं थांबून, "पण तिथे बसा असं त्यानेच लिहिलं होतं, नाही का?"

ह्यांचंही चूक नाही. ज्यांना समुद्र पुरतो, त्यांना माइकवाला कशाला हवा. शेजारच्या केबिनमधलं जोडपं विसाव्यांदा क्रूझवर आलं होतं. ते पत्ते खेळायचे आणि कुठलीच घोषणा ऐकायचे नाहीत. पण टेबल चारवरच्या सहाव्या खुर्चीचं काय, ते त्यांना विचारून कळणार नाही.

व्हिक्टोरियाला संध्याकाळी चार तास मिळाले. सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या या बोटींना १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे एखादं परदेशी बंदर करावंच लागतं, म्हणून ही कॅनडाची भेट. अंधारात फुलांच्या कुंड्या पाहिल्या आणि परतलो.

रविवारी सकाळी सामानाच्या पट्ट्यांचे रंग पुकारत शेवटचा तो आवाज आला. आधी जांभळा, मग हिरवा. आमचा हिरवा. धक्क्यावर आजोबांनी ह्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि कीबोर्डवर टाइप केल्यासारखी बोटं हलवून दाखवली.

मुलीकडे जेवून दुपारी झोपलो. उठलो तेव्हा हे बाल्कनीत उभे, हातात चहा. घड्याळ बघून म्हणाले, "चार वाजले. सुटली असेल." मग आत येता येता, "त्याचं नाव काय गं होतं?"

मला गुरुजी सोडून दुसरं काही आठवेना. मुलीने पीडीएफ उघडून शोधलं.